थिसिसचा पेपर कुठे पाठवावा: फी घेणाऱ्या जर्नलला की बिनफीच्या?

थिसिस विद्यापीठात जमा झाला, परीक्षाही झाली, आणि आता गाइड म्हणताहेत, ‘याचा पेपर काढ.’ डेटा आहे, टेबलं आहेत, सांख्यिकी तपासून झाली आहे. अडतं ते एकाच ठिकाणी: पाठवायचा कुठे? मेडिकल कॉलेजातल्या आमच्या विभागात दरवर्षी हा प्रश्न येतो आणि दोन पर्यायांभोवती फिरतो. एक म्हणजे परदेशी प्रकाशकाचं, लेखकाकडून फी घेऊन वाचकांना मोफत वाचू देणारं ओपन अ‍ॅक्सेस जर्नल. दुसरं आपल्याकडच्या एखाद्या संस्थेचं किंवा संघटनेचं, लेखकाकडे पैसे न मागणारं जर्नल. मी दोन्हीकडे पेपर पाठवले आहेत आणि दोन्हीकडे छापूनही आले आहेत. त्यामुळे पुढे जे आहे ते माझ्या अनुभवातलं आहे. तुमचा विषय वेगळा असेल तर अनुभवही वेगळा येऊ शकतो.

‘आदरणीय डॉक्टर, आपला अमूल्य लेख पाठवा, तीन दिवसांत स्वीकारू’ असे मेल पाठवणाऱ्या बोगस जर्नल्सचा विचार इथे केलेलाच नाही. तुलना आहे ती मेडलाइन, स्कोपस किंवा डीओएजे या जर्नल्सच्या मान्य सूच्यांमध्ये (इंडेक्समध्ये) स्वतः शोधून खात्री केलेल्या जर्नल्सची.

सबमिट करण्याच्या सोयीत फी घेणारी जर्नल्स सरळसरळ पुढे आहेत. पहिल्या फेरीत बहुतेकांना फॉरमॅट कसाही चालतो. एक वर्ड फाइल, संदर्भ कुठल्याही पण एकसारख्या शैलीत, टेबलं मजकुरातच. सहलेखकांना मेल जातो, ते लिंक दाबून होकार देतात, संपलं. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब ही पेपरात काय काय हवं याची चेकलिस्ट, एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक, एआयची मदत घेतली असेल तर तसा स्पष्ट उल्लेख, हे मात्र दोन्हीकडे लागतं. ट्रायल असेल तर सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतली, नोंदही. एप्रिल २०१८पासून ही नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते, त्यामुळे ती राहून गेली असेल तर चांगलं जर्नल इकडचं असो वा तिकडचं, अडचण सारखीच.

बिनफीच्या जर्नलला पाठवताना एक अख्खी संध्याकाळ बाजूला ठेवावी. लेखकांची नावं, विभाग, आभार आणि कव्हर लेटर यांची एक फाइल. नावागावाचा मागमूस नसलेली मुख्य मजकुराची दुसरी. ‘पद्धती’ विभागात रुग्णालयाचं नाव चुकून राहिलं तर फाइल परत येते, कारण रिव्ह्यूअरला, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, लेखक कळता कामा नये. फोटो वेगळे. संदर्भांचे आकडे विरामचिन्हानंतर, चौकटी कंसात, वर चढवलेले. आणि मग सह्यांचा फॉर्म. प्रत्येक लेखकाची सही, नावांच्या त्याच क्रमाने, मग स्कॅन. पास झालेला रेसिडेंट (थिसिस लिहिणारा पीजी डॉक्टर) तोवर दुसऱ्या जिल्ह्यात बॉण्डच्या सक्तीच्या सेवेवर गेलेला असतो, बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमची बदली झालेली असते. फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत राहतो, कुणाचा फोटो तिरका येतो, कुणाची तारीख राहते. हा त्रास खरा आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

वेळेचंही तसंच. फी घेणाऱ्या जर्नलकडून पहिला निर्णय मला साधारणपणे लवकर मिळाला आहे. संस्थेच्या जर्नलमध्ये ‘अंडर रिव्ह्यू’ हे दोन शब्द महिनोन्‌महिने स्क्रीनवर तसेच राहतात. संपादक तिथे बहुतेक वेळा आपल्यासारखेच ओपीडी आणि लेक्चर सांभाळून हे काम करतात, रिव्ह्यूअरही फुकट वेळ देतात. उशीर होतो तो त्यामुळे. प्रमोशनची मुलाखत तोंडावर असेल तर हे कारण कळूनही उपयोग नसतो, हेही मान्य. पण निव्वळ ‘आमचं काम आधी दिसावं’ एवढीच घाई असेल तर २०१९पासून मेडआर्काइव्ह ही साइट आहे. तिथे प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यू होण्याआधीचा पेपर, टाकता येतो, तारखेसह नोंद होते आणि पैसे लागत नाहीत. फक्त ज्या जर्नलला पेपर पाठवायचा आहे त्याला प्रीप्रिंट चालतो का, ते लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये आधी वाचून घ्या.

रिव्ह्यूच्या दर्जाबद्दल ठाम विधान करणं कठीण आहे, कारण सगळं कोणता रिव्ह्यूअर मिळतो यावर असतं. तरी एक उदाहरण देतो. सर्पदंशावरचे आमचे दोन पेपर होते, एकाच वॉर्डातले, बहुतेक रुग्ण घोणस आणि फुरशाच्या दंशाचे. एक फी घेणाऱ्या परदेशी जर्नलला गेला. तिथल्या रिव्ह्यूअरने विचारलं की प्रत्येक रुग्णाचं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) दर सहा तासांनी का मोजलं नाही. ग्रामीण रुग्णालयातून रात्री अडीचला रेफर होऊन आलेल्या रुग्णाबद्दल हा प्रश्न होता. त्यासोबत ‘भाषा इंग्रजी मातृभाषा असलेल्याकडून तपासून घ्यावी’ अशी सूचना, आणि खाली त्याच प्रकाशकाच्या सशुल्क भाषासेवेची लिंक. दुसरा पेपर आपल्याकडच्या जर्नलला गेला. तिथल्या रिव्ह्यूअरने विचारलं: वीस मिनिटांच्या क्लॉटिंग टेस्टसाठी (नळीत रक्त गोठतं का ते पाहण्यासाठी) वापरलेली नळी काचेची होती का, नवीन होती की साबणाने धुतलेली? हा प्रश्न विचारणाऱ्याने ती टेस्ट स्वतः लावलेली असणार. धुतलेल्या नळीत साबणाचा अंश राहिला किंवा नळी प्लॅस्टिकची असली, तर रक्त गोठण्याची क्रिया नीट सुरूच होत नाही. मग चांगलं रक्तही ‘गोठत नाही’ असं दिसतं आणि गरज नसलेल्या रुग्णाला अँटिव्हेनम जातं. आम्ही नव्या काचेच्या नळ्या वापरल्या होत्या, पण तसं पेपरात लिहिलं नव्हतं. त्या एका वाक्याने ‘पद्धती’ विभाग दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला वापरता येण्याजोगा झाला.

परदेशी रिव्ह्यूअर सगळे असेच असतात असं मुळीच नाही. पी व्हॅल्यूंची लांबलचक रांग काढून टाका आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाज कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा) द्या, ही माझ्या पेपरांना मिळालेल्या सर्वांत मोलाच्या सूचनांपैकी एक, आणि ती परदेशातूनच आली होती.

आता माझा कल जिच्यामुळे ठरला ती गोष्ट. फी. रकमेपेक्षाही ती भरण्याच्या वेळी जे होतं ते.

मोठ्या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलची फी दीड-दोन हजार डॉलर असणं आता नेहमीचं झालंय. रुपयांत सव्वा लाखापासून पावणेदोन लाखांपर्यंत, वर कर, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार. गरीब देशांना सूट असते, पण अर्थव्यवस्थेच्या एकूण आकारामुळे भारत बहुतेक प्रकाशकांच्या त्या याद्यांमध्ये बसत नाही. आणि बिल येतं ते अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर, कॉरस्पॉन्डिंग ऑथरच्या, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या, नावाने, मुदत घालून.

आमच्या एका पेपरच्या वेळी बिल आलं तेव्हा मी आधी ऑफिसला विचारलं. अकाउंट सेक्शनमधल्या बाबूंनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, ‘सर, एवढ्या रकमेला तीन कोटेशन लागतात.’ त्यांचं काही चुकत नव्हतं, खरेदीचा नियम तसाच आहे. पण एका स्वीकारलेल्या पेपरासाठी दुसऱ्या दोन जर्नल्सची कोटेशन्स कुठून आणायची? प्रस्ताव वर गेला आणि तिथेच राहिला. मुदत जवळ येऊ लागली. मग ड्यूटी रूममध्ये बसून कोण किती देणार याची बोलणी सुरू झाली. पहिलं नाव जिचं होतं, ती रेसिडेंट नुकतीच पास होऊन घरी पैसे पाठवायला लागली होती. तिने न विचारता मोबाइलवर शिल्लक बघितली. ते मला अजून बोचतं. तेवढ्यात दुसऱ्या विभागातल्या एका वरिष्ठांचा निरोप आला: अर्धी रक्कम मी देतो, नाव तेवढं दुसऱ्या क्रमांकावर घ्या.

इथे त्या वरिष्ठांना दोष देऊन भागत नाही. २०२०मध्ये मेडिकल कौन्सिलने शिक्षकांच्या पात्रतेच्या नियमांत दुरुस्ती केली. पेपर ठरावीक इंडेक्समधल्या जर्नलचा हवा आणि आपलं नाव पहिल्या तीन लेखकांत किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथर म्हणून हवं, अशी अट त्यात आली. तेव्हापासून पहिल्या तीन जागांना किंमत आली आहे, आणि लाखाचं बिल टेबलावर आलं की ती किंमत कुणीतरी बोलून दाखवतंच. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपदाचे चार निकष आपण सगळे स्लाइडवर दाखवतो: कामात भरीव सहभाग, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. नुसता निधी मिळवून दिला म्हणून लेखकपद मिळत नाही, हेही तिथे स्वच्छ लिहिलं आहे. ड्यूटी रूममध्ये मुदतीच्या आदल्या संध्याकाळी ते पाळणं जड जातं. आम्ही नकार दिला आणि रक्कम मी भरली. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते सुरू करून घेण्यात आणखी एक दिवस गेला. पण प्रत्येक विभागात भरणारा कोणी निघेलच असं नाही, आणि त्या पहिल्या नावाच्या मुलीने असल्या बोलण्यांमध्ये बसायला नको होतं. अठरा महिने वॉर्डात फॉर्म तिने भरले होते.

बिनफीच्या जर्नलमध्ये ही बैठकच होत नाही. नावांचा क्रम कामाने ठरतो आणि सह्यांच्या फॉर्मवर पक्का होतो. वर ज्या फॉर्मचा एवढा त्रास सांगितला, त्याचा हा फायदा मला नंतर उमगला. क्रम पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सहीने बांधला जातो, मागाहून कुणी एकट्याने हलवू शकत नाही.

‘पण मग आमचा पेपर वाचणार कोण?’ असं विचारलं जातं. बिनफीचं म्हणजे कुलूपबंद, ही समजूत चुकीची आहे. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५पासून निघतं. इंटरनेटवर सगळ्यांना खुलं आणि लेखकांकडून पैसे नाहीत, ही वाट त्याने फार लवकर धरली. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ तर १९१३चं. दोन्ही मेडलाइनमध्ये आहेत. गडचिरोलीतल्या मेडिकल ऑफिसरला जे वाचता यायला हवं, ते इथेही वाचता येतं.

तिसरी एक वाट आहे, तिचा विचार आपले रेसिडेंट क्वचितच करतात: वर्गणीवर चालणारी परदेशी जर्नल्स. त्यांतली पुष्कळ लेखकाकडून काही घेत नाहीत, ओपन अ‍ॅक्सेस हवं असेल तरच फी. ‘ओपन अ‍ॅक्सेस हवं का’ या रकान्यात ‘नको’ निवडायचं एवढंच. महाडला प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये आलं ते कामाच्या बळावर. जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी कॉलेजांना हजारो जर्नल्स वाचायला मिळू लागली आहेत, त्यामुळे अशा ठिकाणी छापलेला पेपर पूर्वीइतका दूरही राहत नाही. खासगी प्रॅक्टिसमधल्या डॉक्टरला मात्र त्याचा उपयोग नाही.

फी घेणाऱ्या जर्नलला पाठवा असंही मी कधी कधी सांगतो. प्रकल्पाला अनुदान असेल आणि त्यात प्रकाशनाचा खर्च आधीच मंजूर असेल, तर बेलाशक. साथीच्या काळातला डेटा असेल आणि दोन महिन्यांनी त्याचा उपयोग उरणार नसेल, तरीही. थिसिसच्या पेपरसाठी मात्र, जिथे मागे अनुदान नाही आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे, मी आधी बिनफीचं जर्नल सुचवतो, मग वर्गणीवालं परदेशी, आणि फीचं सगळ्यात शेवटी. एका जर्नलने पेपर परत केला आणि ‘आमच्याच दुसऱ्या जर्नलकडे वळवू का?’ असा मेल आला, तर होकाराचं बटण दाबण्याआधी त्या दुसऱ्या जर्नलची फी पाहा. ती बहुधा असतेच.

आणि बिनफीचं म्हणून ऐकलेलं नाव जुन्या माहितीवर धरून चालू नका. संघटनांच्या काही जर्नल्सनी गेल्या काही वर्षांत फी सुरू केली आहे. सबमिट करण्याच्या दिवशी साइटवरचं फीचं पान उघडा, त्याचा स्क्रीनशॉट सगळ्या सहलेखकांना पाठवा आणि नावांचा क्रम त्याच मेलमध्ये लिहून सगळ्यांचा होकार घ्या.