फुकटचा थर्मोस्टॅट आणि बिलावरचं दुसरं नाव

न्यू जर्सीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी, त्यातही नुकतेच भारतातून आलेल्यांनी, हे जरूर वाचावं. "थर्मोस्टॅट फुकट बदलून देतो, बिल कमी येईल" असं सांगत दारावर येणाऱ्या सगळ्यांनाच तुमच्या थर्मोस्टॅटशी, म्हणजे हीटर-एसीचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या डब्याशी, देणंघेणं असतं असं नाही. काहींना हवा असतो तुमच्या बिलावरचा अकाउंट नंबर. तो हाती लागला की तुमची वीज आणि गॅस कुणाकडून खरेदी व्हायची, तेच परस्पर बदलतं. आमच्याकडे हेच झालं, आणि चौकशी केल्यावर कळलं की आमच्याच बिल्डिंगमधल्या आणखी काही घरांतही झालं होतं.

आमच्याकडे असा एक माणूस जानेवारीत, ऐन थंडीत, संध्याकाळच्या वेळी आला. चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात टॅब्लेट. दार उघडल्याबरोबर हिंदी सुरू. "भाभीजी, सबके घर में नया थर्मोस्टॅट लगा रहे हैं, आपका ही बाकी है." परदेशात दारावर कुणी आपल्या भाषेत बोललं की माणूस दोन मिनिटं जास्त ऐकतो. हे त्याला पक्कं माहीत होतं.

त्याची थाप खरी वाटते, कारण तिच्या शेजारीच एक खरी गोष्ट उभी असते. इथल्या वीज-गॅस कंपन्या स्मार्ट थर्मोस्टॅटवर खरोखरच सूट देतात. थर्मोस्टॅटमुळे बचत होते हेही खरं. दिवसातले आठ तास तापमान नेहमीपेक्षा सात ते दहा अंश फॅरनहाइटने हिवाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त ठेवलं, तर हीटिंग-कूलिंगचा खर्च वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाचू शकतो, असं अमेरिकेचं ऊर्जा खातंच सांगतं. या माणसाने तीच आकडेवारी तोंडपाठ म्हणून दाखवली. मग म्हणाला, "सूट मिळण्यासाठी तुमचं बिल बघावं लागेल." बिलाचा त्याने टॅब्लेटवर फोटो घेतला. त्याचं खरं काम तिथेच झालं होतं.

पुढची दहा मिनिटं त्याने थर्मोस्टॅट लावला. फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राचा, स्विच बंद न करताच भिंतीवरचा जुना डबा ओढून काढला, मागच्या रंगीत तारा नव्याच्या खाचांत कोंबल्या आणि जुना थर्मोस्टॅट "रीसायकलला देतो" म्हणून स्वतःच्या पिशवीत टाकला. नवा म्हणजे बॅटरीवर चालणारा एक स्वस्तातला डबा होता. ना वायफाय, ना ॲप. स्मार्ट म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

निघण्याआधी त्याने एक फोन लावून माझ्या हातात दिला. "फक्त इन्स्टॉलेशनचं कन्फर्मेशन आहे. सगळ्याला यस म्हणा. मध्ये काही विचारलंत तर कॉल रद्द होतो, मग मला हे काढून न्यावं लागेल." पलीकडे एक बाई भराभर इंग्रजीत वाचत होती आणि हा समोर उभा राहून प्रत्येक प्रश्नाला मान हलवून खुणावत होता. त्या कॉलचं रेकॉर्डिंग मी नंतर मागवून घेतलं. त्यात एक प्रश्न असा आहे: आमची कंपनी तुमची नेहमीची वीज कंपनी नाही, हे तुम्हाला समजलं आहे का? आणि त्यावर माझं 'यस'. ग्राहकाला संरक्षण म्हणून ठेवलेली ही पडताळणी. तीच ग्राहकाविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते, याचा मला आजही संताप येतो.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. न्यू जर्सीने १९९९ च्या कायद्याने वीज आणि गॅसचा बाजार खुला केला. तारा, पाइप, मीटर पीएसईअँडजी किंवा जेसीपीअँडएलसारख्या कंपनीचे. त्यातून येणारी वीज किंवा गॅस मात्र तुम्ही तिसऱ्या कंपनीकडून विकत घेऊ शकता. तुम्ही काहीच निवडलं नाही, तर विजेला नेहमीचा दर लागतो. तो दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या लिलावातून ठरतो आणि १ जूनपासून लागू होतो. बिलाचेही त्यामुळे दोन भाग असतात: डिलिव्हरी आणि सप्लाय. थर्ड पार्टी सप्लायर घेतला तरी बहुतेकदा बिल एकच येतं, त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं. बदलतं ते फक्त सप्लायच्या भागातलं नाव आणि दर. यातले सगळे सप्लायर लबाड नसतात. पण दारावर येऊन गळ्यात मारलेल्या करारांत एक ठरलेली चाल असते. सुरुवातीला थोडे दिवस स्वस्त दर, आणि पुढे 'व्हेरिएबल', म्हणजे कंपनी ठरवेल तो. आमचा करार असाच निघाला, तोही वीज आणि गॅस दोन्हींचा.

बिल वाढायला लागलं तेव्हा नवरा म्हणाला, या वर्षी थंडीच फार आहे. म्हणून मी गेल्या वर्षीची बिलं काढून थर्मचे, म्हणजे गॅस मोजायच्या एककाचे, आकडे ताडून पाहिले. गॅस उलट कमी जळला होता. पैसे मात्र जास्त लागले होते. तरी आम्हाला वाटलं, दर वाढले असतील. उलगडा झाला मे महिन्यात, एसी चालू होईना तेव्हा. मेंटेनन्सचा माणूस आला, डबा उघडला आणि पिवळी तार नुसती लोंबकळत असलेली दाखवली. एसीच्या कॉम्प्रेसरला चालू हो म्हणून सांगणारी हीच ती तार. ती खाचेत धड बसलीच नव्हती. मग त्याने विचारलं, "हा आमचा थर्मोस्टॅट नाही. आमचा कुठे आहे?"

जुना थर्मोस्टॅट घरमालकाचा. लीजमध्ये लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय भिंतीवरची फिटिंग बदलायची नाही. अपार्टमेंटच्या ऑफिसने त्याची किंमत आणि मजुरी आमच्या नावावर टाकली. "तुमच्याकडूनच लोक आले होते ना?" असं विचारल्यावर मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही. त्या संध्याकाळी बिल पानन् पान वाचलं तेव्हा सप्लायच्या भागात ते अनोळखी नाव सापडलं.

आता सुटका कशी करायची ते सांगते. सप्लायरला फोन केला की आधी ते नव्या दराचं आमिष दाखवतात, मग दंडाची भाषा करतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. आम्ही आमच्या मूळ कंपनीला सांगितलं की आम्हाला त्यांच्या नेहमीच्या सप्लायवर परत यायचं आहे. बदल पुढच्या मीटर रीडिंगपासून होतो, त्यामुळे आणखी एखादं बिल जुन्याच दराने येतं. त्याने घाबरू नका. सोबत ट्रेंटनच्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजकडे, म्हणजे वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या सरकारी मंडळाकडे, लेखी तक्रार केली: तो केव्हा आला, काय बोलला, फोनवर काय वदवून घेतलं, सगळं सविस्तर. त्यानंतर दंडाचा विषय सप्लायरने पुन्हा काढला नाही आणि वाढीव पैशांतला काही भाग परत आला. थर्मोस्टॅटचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

आणखी एक. सप्लायर बदलल्यावर मूळ कंपनीकडून तसं कळवणारं पत्र येतं आणि त्यात रद्द करण्याची मुदत दिलेली असते. आमचं पत्र कुठे गहाळ झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वीज कंपनीचा लिफाफा जाहिरातीसारखा दिसला तरी फोडून वाचाच.

थर्मोस्टॅट खरंच बदलायचा असेल तर जरूर बदला. पण आधी ऑफिसला ईमेल करून लेखी होकार घ्या. सूट हवी असेल तर वीज कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून मागवा. जुना काढण्याआधी ब्रेकर बंद करा आणि कुठली तार कुठल्या अक्षराला लागली आहे त्याचा फोटो काढा. बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅटना 'सी' नावाची जास्तीची तार लागते आणि जुन्या अपार्टमेंटमध्ये ती बरेचदा नसते. हे आधी पाहिलं नाही तर घेतलेली वस्तू लागतच नाही. भिंतीतून दोन किंवा चार जाड तारा निघाल्या तर थांबा. ते इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरचे १२० किंवा २४० व्होल्ट असू शकतात, तिथे २४ व्होल्टचा नेहमीचा थर्मोस्टॅट लावणं धोक्याचं आहे. आणि जुना थर्मोस्टॅट कुणालाही देऊ नका. कपाटात ठेवा, घर सोडताना परत लावा. नाहीतर त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. डिपॉझिटमधून काही कापलंच तर घरमालकाने बाब-बाब लिहून हिशेब दिला पाहिजे, आणि तोही ३० दिवसांत, असा इथला कायदा आहे.

हे फक्त न्यू जर्सीपुरतं नाही. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इलिनॉय, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू यॉर्क, सगळीकडे सप्लायर निवडण्याची मुभा आहे आणि दारावर फिरणारी माणसंही आहेत. आज घरी गेल्यावर बिलाचा सप्लायचा भाग उघडून तिथलं नाव बघा. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर त्यांना नीट समजावून ठेवा. दुपारी ते घरी एकटे असतात, आणि हिंदीत गोड बोलणाऱ्याला पाणी विचारल्याशिवाय ते राहत नाहीत. त्याला बिल दाखवायचं नाही, आणि त्याने लावून दिलेल्या फोनवर बोलायचं नाही.