निळे दाणे आणि माझे एक लाख ऐंशी हजार

वाळूजला आमचं छोटं युनिट आहे. एलपीजीचा वास काढून स्प्रेच्या डब्यांसाठी गॅस तयार करतो. गळती कळावी म्हणून एलपीजीत मुद्दाम मरकॅप्टन, म्हणजे उग्र वासाचं गंधकाचं संयुग, घातलेलं असतं. ते डिओडरंटमध्ये राहिलं तर काखेत सडका कांदाच. म्हणून गॅस झिओलाइटच्या, म्हणजे वास धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खनिजाच्या, दाण्यांच्या टॉवरमधून सोडायचा.

इतकी वर्षं १३एक्स नावाचा साधा झिओलाइट वापरला. त्याच्या जाळीत सोडियम असतं. ते काढून तांबं बसवलं की गंधकाची संयुगं जास्त घट्ट धरली जातात, हे खरंच आहे. तांबं भरलेले दाणे विकायला आलेल्या दलालानं गळ टाकला तो याच खऱ्या गोष्टीचा. "तुमच्या वेरूळच्या खडकात निघतो तोच झिओलाइट, साहेब, फक्त तांबं भरलेला." आता आपल्याकडे काळ्या दगडात स्टिल्बाइटचे स्फटिक निघतात आणि ते झिओलाइटच, पण १३एक्स कारखान्यात बनतो, नातं फार लांबचं. तेव्हाच खटकायला हवं होतं. भाव बाजाराच्या निम्मा होता, तोही खटकला नाही. हाव, दुसरं काय.

बाटलीतला नमुना प्रयोगशाळेतून तपासून घेतला. अस्सल निघाला. पैसे भरले, चार ड्रम आले, त्यातले दोन टॉवरमध्ये ओतले. दुसऱ्या दिवशी आउटलेटच्या नळीतून थोडा गॅस सोडून पाहिला, तर वास जसाच्या तसा.

आमचा हेल्पर बदनापूरकडचा, घरची मोसंबी. तिसऱ्या ड्रममधले दाणे त्यानं मुठीत चोळले. बोटं निळी झाली. "सायेब, हे तं मोरचूद हाय. आमी खोडाला बोर्डो लावतो ना, त्यातलं."

मोरचूद म्हणजे तांब्याचा पाण्यात विरघळणारा निळा क्षार, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद नि चुन्याचं मिश्रण. मग त्यानं बोर्डोचीच परीक्षा लावली. चुना कमी पडला की मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबं चढतं, हे बागवाल्यांना ठाऊक असतं. बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात दाणे टाकले. पाणी आकाशी झालं. घासलेला विळा बुडवला, थोड्या वेळात पातं तांबूस. बाटलीतले दाणे तसेच भिजवले, तर पाणी स्वच्छ आणि विळा होता तसाच. जाळीत बसलेलं तांबं नुसत्या पाण्यानं सुटत नाही, मिठाच्या पाण्यानं सुटतं. म्हणून ही परीक्षा बोअरच्या पाण्यात करू नका. आपल्याकडच्या क्षारांनी चांगला मालही थोडं तांबं सोडेल.

शिवाय नीट भाजून सीलबंद केलेला झिओलाइट ओल्या तळहातावर घेतला की चटका बसतो. हे दाणे थंडगार. कुणाच्या तरी एअर ड्रायरमधून काढलेला जुना माल मोरचुदात बुचकळून वाळवला असणार.

बिलावर ना झिओलाइट, ना तांबं; नुसतं लिहिलं होतं, "अधिशोषक दाणे, निळे". निळे तर ते होतेच! तक्रार द्यायला गेलो, तर पहिला प्रश्न, "माल मिळाला ना?"

आता बिलावर सोडियमच्या जागी किती टक्के तांबं बसवलंय ते लिहून घेतो, आणि गेटवर ड्रमच्या तळातून दाणे काढून विळा बुडवल्याशिवाय रुपया सोडत नाही. दलालाचा तो नंबर बंद आहे. पण गेल्या आठवड्यात शेंद्र्याच्या एका मित्राला फोन आला. सुरुवात वेरूळच्या खडकापासूनच.