फायकस वरचेवर कातरायचा की एकदाच अर्ध्यावर आणायचा?

फाटकाच्या दोन्ही बाजूंना हौसेने लावलेला फायकस बेंजामिना काही वर्षांत गच्चीच्या कठड्याला भिडतो आणि घरात दोन मतं पडतात. एक मत, दर महिन्याला माळ्याकडून कातरून घ्यावा. दुसरं मत, एकदाच अर्ध्यावर आणावा, म्हणजे वर्षभर बघायला नको. झाडाला दोन्ही सोसतं. मराठवाड्यातल्या उन्हात मात्र दोन्ही सारखं सोसत नाही.

कातरणीचा मोठा फायदा म्हणजे आकार टिकतो, जखमा काडीएवढ्याच राहतात आणि झाड कधी बोडकं दिसत नाही. तोटा पटकन लक्षात येत नाही. कुंपणाच्या मोठ्या कात्रीने वरवर कातरत गेलं की कापलेल्या टोकांतून नवे फुटवे येतात, बाहेरचा थर दाट होतो, आत उजेड पोचत नाही. अशा एखाद्या गोल फायकसच्या फांद्या बाजूला सारून आत डोकवा. बाहेरून हिरवागार गोळा, आत नुसत्या काटक्या, अडकलेली वाळकी पानं आणि बेचक्यात पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस. शिवाय त्या कात्रीत अर्धी कापली गेलेली पानं कडेने तपकिरी पडतात आणि ताजं कातरलेलं झाड करपल्यासारखं दिसतं. म्हणून कातरायचंच असेल तर सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छाटणीची छोटी कात्री घ्या, पानांवर नाही तर काडीवर चालवा, आणि प्रत्येक वेळी आतल्या दोन-तीन दाट काड्या बुडापासून काढून विरळणी करा. माळी कुरकुर करेल. वेळ दुप्पट लागतो.

जोरदार छाटणी वेळखाऊ नाही, आणि फायकस वडा-उंबराच्या गोतातला असल्यामुळे जुन्या लाकडावरही फुटतो. पोकळ झालेला गोळा सुधारायचा तर माझ्या मते हाच रस्ता. पण झाड धट्टंकट्टं हवं. आधीच पानगळ लागलेल्या, मुळं कुजलेल्या झाडावर करवत चालवू नये. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पानोळा काढू नये, हा नेहमीचा नियम. उंची खूपच कमी करायची असेल तर दोन हंगामांत वाटून घ्या.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात होते, मग फायकसची का नको? द्राक्षाला ती छाटणी पुढच्या घडाच्या काड्या तयार व्हाव्यात म्हणून करतात, वेलीला ठिबकचं पाणी असतं आणि बागायतदार रोज बागेत असतो. फायकस सदाहरित. त्याच्या फांद्यांची साल वर्षानुवर्षं स्वतःच्याच सावलीत वाढलेली असते. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत ती उघडी पडली की भाजते, तडकते आणि तिथे फुटवा येत नाही. ‘पाने कमी म्हणजे पाणी कमी’ म्हणून उन्हाळ्यात छाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. टंचाईची धास्ती असेल तर फेब्रुवारीअखेरीस थोडी विरळणी करून ठेवा, तेवढं पुरे.

मोठी छाटणी मृगाचा पाऊस लागून आभाळ राहू लागलं की करा. पाऊस लांबला तर छाटणीही लांबवा. हवेत ओल असली की फुटवे काही आठवड्यांतच दिसू लागतात. आणि छाटल्यावर पाणी कमी करा: पानंच नाहीत तर झाड पिणार कशाने? काळ्या मातीच्या कुंडीत रोज पाणी ओतलं की मुळं कुजतात, आणि दोष मात्र छाटणीला लागतो. थंडीत हात लावू नका, फुटवा रखडतो.

कापताना डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून फुटवा येतो त्या जागेच्या, किंचित वर काप घ्या. जाड फांदी असेल तर आधी थोडं पुढे खालून अर्धवट करवत मारा, मग वरून, आणि उरलेला खुंट शेवटी; नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने खाली येताना खोडाची साल सोलून नेते. चीक भरपूर गळतो. कातडीला खाज सुटते, कपड्यावरचा डाग जात नाही, फरशी चिकट होते. हातमोजे घाला, खाली जुनं पोतं अंथरा, कापावर पाण्याचा फवारा मारला की गळती आवरते.

मग ठरवायचं कसं? कुंडीतल्या झाडाला कातरणी आणि विरळणी. जमिनीतल्या, वाढून पोकळ झालेल्या झाडाला पावसाळ्यात एक जोरदार छाटणी, पुढे कातरणी. झाड भिंतीला किंवा नळाच्या पाइपला खेटून असेल तर दोन्हींचा उपयोग नाही. वरून कितीही कापलं तरी मुळं पसरतातच, ते झाड काढलेलंच बरं.

पांढऱ्या कडांच्या पानांच्या जातीत एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती लगेच बुडापासून काढा, ती जोमाने वाढून बाकीच्यांना दाबते. रबर प्लांटला कातरणी लागतच नाही. त्याचा शेंडा एकदा कापला की खालच्या एक-दोन डोळ्यांतून फांद्या येतात, आणि उंची जास्त असेल तर शेंड्याला आधी गुटी बांधा, म्हणजे झाडावरच त्याला मुळं फुटू द्या, कापाल तेव्हा दुसरं रोप फुकट मिळेल.