एकाच कंपनीचे दोन भाव: दुकानाचा आणि अ‍ॅपचा, काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरचा किराणा, साबण-शाम्पूसारखा महिन्याचा माल आणि एक मोठे यंत्र अशी सगळी खरेदी मी मुद्दाम दोन्ही वाटांनी करून पाहिली. नाशिकच्या इंदिरानगरहून स्कूटरने सहज जाता येईल अशा एका बड्या साखळी दुकानात जाऊन काही माल आणला, आणि त्याच कंपनीच्या अ‍ॅपवरून काही घरपोच मागवला. दोन्हीकडची बिले एका वहीत शेजारीशेजारी चिकटवत गेले. कंपनीचे नाव देत नाही, कारण जे आढळले ते थोड्याफार फरकाने शहरातल्या इतर साखळ्यांतही आढळते. महिन्याचा भरगच्च किराणा दुकानातून स्वस्त पडला. मोठे यंत्रही दुकानातूनच स्वस्त पडले, पण अ‍ॅपवरचा भाव दाखवल्यावर. ऐनवेळी मागवलेली चार-दोन वस्तूंची ऑर्डर मात्र प्रत्येक वेळी महाग पडली.

पाटी एकाच कंपनीची असली तरी भाव दोन का, हा प्रश्न मला सुरुवातीला फसवणुकीचा वाटत होता. वही भरत गेली तसा तो व्यवहाराचा दिसू लागला. दुकानातला भाव त्या दुकानापुरता ठरतो आणि आजूबाजूच्या दुकानांकडे पाहून वरखाली होतो. अ‍ॅपवरचा माल बहुधा वेगळ्या गोदामातून निघतो, कित्येकदा बिलावरचा विक्रेताही वेगळाच असतो, आणि कूपनाची सवलत कधी उत्पादक सोसतो तर कधी कंपनी स्वतः. त्यात पिनकोडचीही भर पडते. माझी नणंद नाशिक रोडला राहते. आमच्या 422009 ऐवजी तिचा 422101 टाकला की तेच पोहे, तेच वजन, पण भाव दोन-तीन रुपयांनी हललेला असे, आणि एखादी वस्तू तर यादीतूनच गायब होई. म्हणून ओळखीच्या माणसाने 'मला अमुक भावात मिळाले' म्हटले की आता मी आधी त्याचा पत्ता विचारते.

दुकानाच्या काउंटरवर मी बरेचदा ऐकलेला वाद असा, की अ‍ॅपवर कमी आहे म्हणजे तुम्ही जास्त घेताय, हे बेकायदेशीर आहे. तसे ते नाही. छापील एमआरपी ही सर्व करांसह कमाल किंमत आहे; तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, पण तिच्या खाली दुकानाने एक भाव आणि अ‍ॅपने दुसरा भाव लावला तर त्याला कायद्याची आडकाठी नाही. एकाच वस्तूच्या तशाच पाकिटावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापणे मात्र 1 जानेवारी 2018 पासून वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापांच्या कायद्याच्या, नियमांनी बंद केले, आणि त्याच दुरुस्तीने ऑनलाइन विक्रेत्यांनाही एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव अशी माहिती पडद्यावर दाखवणे बंधनकारक केले. ही माहिती असते, पण चित्राच्या खाली, बोट बरेच सरकवल्यावर. वर ठळक दिसते ती टक्केवारी, आणि ती मोजलेली असते एमआरपीवरून. घरगुती यंत्रांच्या बाबतीत एमआरपी इतकी फुगवलेली असते की त्या किमतीला ते यंत्र कोणी विकत नाही आणि कोणी घेतही नाही. त्यामुळे 'पस्तीस टक्के सूट' या शब्दांना मी आता काडीची किंमत देत नाही.

वजनाच्या बाबतीत सर्वात जास्त शिकवले ते तेलाच्या पिशवीने. आमच्या सासूबाईंना सोयाबीन तेल एकाच ब्रँडचे लागते. दुकानात त्याची पिशवी 148 रुपयांना होती आणि अ‍ॅपवर 141 ला; सात रुपये वाचले म्हणून मी खूश. सासूबाईंनी ती पिशवी बरणीत ओतली, बरणीच्या नेहमीच्या रेघेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हे तेल खाली राहिलंय. पिशवी फुटकी आली का?" पिशवी फुटकी नव्हती. दुकानातल्या पिशवीवर 910 ग्रॅम लिहिलेले होते, जे सोयाबीन तेलाच्या एका लिटरचे वजन धरले जाते. अ‍ॅपवरून आलेल्या पिशवीवर 850 ग्रॅम. रंग, चित्र, उंची, सगळे हुबेहूब. हिशेब मांडला तर दुकानातले तेल किलोला सुमारे 162 रुपये 60 पैसे पडत होते आणि 'स्वस्त' तेल सुमारे 165 रुपये 90 पैसे. पूर्वी तेल, चहा, बिस्किटे, साबण अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागत. ती सक्ती आता उठली आहे आणि तिच्या जागी पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव छापणे आले आहे. तो आकडा एमआरपीच्या आसपास अगदी बारीक अक्षरात असतो. शिवाय तो एमआरपीवरून काढलेला असतो, विक्रीच्या भावावरून नव्हे, म्हणून सवलतीच्या मालाचा हिशेब आपला आपणच करावा लागतो. हे तेलापुरतेच नाही. कपडे धुण्याची पावडर, चहा, टूथपेस्ट यांतही अ‍ॅपवर जोडपाकिटे आणि अडनिड्या वजनाची पाकिटे जास्त दिसली, त्यामुळे भावाशी भाव लावून पाहायला दुकानात तशी वस्तूच सापडत नाही. यामागे हेतू असतो की गोदामाची सोय, हे मी ठरवू शकत नाही, पण फायदा कोणाचा होतो ते दिसते.

आता वरखर्चाकडे. किराण्याची यादी मोठी असली आणि अ‍ॅपने ठरवलेली किमान रक्कम गाठली तर घरपोच शुल्क माफ होते आणि मग दोन्ही बिलांतला फरक फार राहत नाही. पण दूधपावडर, हिंग, लायटर अशी 340 रुपयांची ऑर्डर केली तेव्हा घरपोच शुल्क 39, हाताळणी 10 आणि लहान ऑर्डरचे 20, असे 69 रुपये वर गेले, म्हणजे मालाच्या किमतीचा पाचवा हिस्सा. हे आकडे वस्तू निवडताना दिसत नाहीत, पैसे भरायच्या पानावर दिसतात, तेही 'बिलाचा तपशील' उघडल्यावर. एकदा त्या तपशिलात एका संस्थेच्या नावाने दोन रुपयांची देणगी आधीच खूण करून ठेवलेली आढळली. खूण काढली की जाते, पण पाहिली तर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ज्या 13 फसव्या पद्धतींवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत शेवटच्या पायरीला किंमत वाढवणे आणि न विचारता टोपलीत काही सरकवणे या दोन्ही आहेत. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. दोन रुपयांसाठी कोण फोन करणार, यावरच हा सगळा प्रकार उभा आहे, असे माझे मत झाले.

दुकानात जाण्याचाही खर्च असतो, हे न लिहिणे अन्यायाचे होईल. पेट्रोल, रविवारी संध्याकाळी मुंबई नाक्याला अडकलेला वेळ, आणि गाडा ढकलताना यादीबाहेरच्या ज्या वस्तू त्यात पडतात त्यांची किंमत. वहीत पाहिले तर दुकानाच्या बिलात यादीबाहेरचा माल नेहमीच जास्त असे. नमकीन आणि प्लॅस्टिकचे डबे हे त्यातले मुख्य गुन्हेगार. पाथर्डी फाट्याला एकट्या राहणाऱ्या आमच्या मावशींना, ज्यांचे गुडघे दुखतात, मी 69 रुपये बिनधास्त द्या असेच सांगेन.

मोठे यंत्र म्हणजे धुलाई यंत्र, पुढून दार असलेले, सात किलोचे. दिवाळीच्या आधी जुन्याची मोटर गेली. दुकानात भावाची चिठ्ठी 35,490 ची, आणि तिथेच उभे राहून फोनवर पाहिले तर त्याच कंपनीच्या अ‍ॅपवर 32,990. विक्रेत्या मुलाला दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, तो ऑनलाइनचा रेट आहे, आमच्या सिस्टिमला येत नाही. तुम्ही ऑनलाइनच मागवा ना." आमचे हे म्हणाले, "अहो, पाटी तर दोन्हीकडे तुमचीच आहे." मुलगा हसला आणि मॅनेजरना घेऊन आला. त्यांनी माझ्या फोनवरचा मॉडेल क्रमांक यंत्राच्या मागच्या चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. हे फार महत्त्वाचे आहे, कारण उत्पादक ऑनलाइनसाठी आणि दुकानांसाठी थोडी वेगळी मॉडेले काढतात. शेवटचे एक अक्षर बदलले की भाव जुळवून देण्याचा प्रश्नच मिटतो. आमच्या बाबतीत फरक फक्त रंगाचा निघाला. थोड्या वेळाने 33,200 ला यंत्र, वर स्टँड फुकट, आणि जुन्या बंद यंत्राचे 1,500 असा सौदा ठरला, म्हणजे 31,700. अ‍ॅपवर जुने यंत्र चालू स्थितीत असेल तरच घेत होते आणि स्टँडचे 900 वेगळे, म्हणजे 33,890. अ‍ॅपवर कार्डाची 1,500 पर्यंतची सवलत होती खरी, पण ती एका विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डावर, आणि ते कार्ड आमच्याकडे नाही. मॅनेजरच्या हातात थोडीफार सूट असते, ती विक्रेत्याच्या हातात नसते. म्हणून आधी मॅनेजरना बोलवावे, मग बोलणी करावीत.

याच सौद्यात दोन गोष्टी कानाआड केल्या. विक्रेता भाव कमी होण्याचे श्रेय 22 सप्टेंबर 2025 च्या जीएसटी कपातीला देत होता. ती कपात एअर कंडिशनरना आणि 32 इंचांहून मोठ्या टीव्हींना लागू झाली, 28 वरून 18 टक्के. धुलाई यंत्रे 2018 च्या जुलैपासूनच 18 टक्क्यांत आहेत. दुसरी गोष्ट 'बिनव्याजी हप्ते'. व्याजाची रक्कम आधी सूट म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क आपल्याच खात्यातून जाते, आणि हप्ते घेतले की रोखीची सूट बहुधा मिळत नाही.

साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे मात्र त्या दिवसापासून खरोखर 5 टक्क्यांत आली. तेव्हा अ‍ॅपवर नवा भाव लगेच दिसला आणि दुकानात पाकिटावर जुनीच एमआरपी, बिलात मात्र कमी भाव, असे कित्येक आठवडे चालले. बिल वस्तूवारी तपासायची सवय मला तिथून लागली, आणि ती पुढे कामी आली: फळीवरची ऑफरची चिठ्ठी संपलेल्या तारखेची राहून जाते आणि मशीन चालू भाव लावते. काउंटरवरच्या मुलीला दाखवले तर ती कुरकुर न करता पर्यवेक्षकाला बोलावून ओळ रद्द करते. पण मागे रांग असते, आणि ती आपल्यावरच नाराज होते.

अल्बेर्तो कावायो या अर्थतज्ज्ञाने 10 देशांतल्या 56 मोठ्या दुकानदार कंपन्यांचे भाव जमवले होते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुकान आणि संकेतस्थळ यांचे भाव सुमारे 72 टक्के वेळा अगदी सारखे निघाले. त्या 10 देशांत भारत नव्हता. माझ्या वहीत सारखे भाव याहून पुष्कळ कमी आहेत, पण एका घराची यादी म्हणजे अभ्यास नव्हे.

भाजी आणि फळे दोन्हीकडून घेणे मी सोडून दिले. नाशिकात राहून द्राक्षे अ‍ॅपवरून मागवणे हे पैशाने महाग आहेच, पण शेजाऱ्यांना कळले तर अब्रूनेही महाग पडेल.

राहिली परतीची बाजू, जी भावाच्या तुलनेत कोणी धरत नाही. अ‍ॅपवरून घेतलेल्या कुकरचे झाकण नीट बसेना, म्हणून मी तो त्याच कंपनीच्या दुकानात घेऊन गेले. तिथे सांगण्यात आले की बिल आमचे नाही, विक्रेता वेगळा आहे, अ‍ॅपवरूनच विनंती टाका. बिलावरचा जीएसटी क्रमांक पाहिला तर खरोखरच वेगळा होता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. पण ती जबाबदारी बिल देणाऱ्याची, शेजारच्या पाटीची नव्हे. विनंती टाकली, न्यायला माणूस दोनदा आलाच नाही, तिसऱ्यांदा आला, पैसे मिळाले. तोवर डाळ पातेल्यात शिजत होती. आता कुकर, मिक्सरची भांडी, काचेच्या बरण्या असे झाकण बसवून पाहावे लागणारे सगळे मी दुकानातून घेते. पावडर, साबण, टिश्यू असे जड किंवा जागा खाणारे पण न बिघडणारे सामान अ‍ॅपवरून, किमान रक्कम भरेल एवढे साठवून. आणि तेल जिथे मिळेल तिथे, वजन वाचून.