जुळे सोलापुरातल्या गच्चीबागवाल्यांनो, जांभळ्या पाण्याच्या ‘टेस्ट’पासून सांभाळा

५,४०० रुपये. गच्चीवरच्या टोमॅटोला औषध देतो म्हणून घरी आलेल्या एका ‘पीक डॉक्टर’नं मला एवढ्याला फसवलं. आकडा आधीच सांगून टाकते. तो कळल्याशिवाय कुणी गंभीरपणे ऐकत नाही आणि कळला की हसतात. शेजारच्या काकांनी तर तिथल्या तिथे हिशेब केला, “काय ओ ताई, वीस रुपये किलोनं दोनशे सत्तर किलो टोमॅटो आले असते की!”

व्हिजिट ३००, ‘फंगस टेस्ट’ ४५०, अर्ध्या लिटरची बाटली १,८५०, मुळांचं टॉनिक १,२००. हे सगळं रोख. वर दुसऱ्या डोसचा ॲडव्हान्स १,६००, तो यूपीआयनं. बिल? “मॅडम, जीएसटीचं बिल ऑफिसातून व्हॉट्सॲपला येईल.” अजून येतंय.

गड्ड्याच्या जत्रेआधीची गोष्ट. गच्चीवरच्या ड्रममधल्या टोमॅटोची खालची पानं पिवळी पडून त्यावर तपकिरी ठिपके आले. बागकामाच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर तासाभरात एका ‘पीक डॉक्टर’चा फोन. गळ्यात ओळखपत्र, हातात भिंग, बोलणं साखरेसारखं. पान पाहताच म्हणाला, “लेट ब्लाइट आहे, म्हणजे उशिरा येणारा करपा, चार दिवसांत सगळी झाडं जातील.”

मग ती टेस्ट. काचेच्या नळीत जांभळं पाणी, त्यात पान चुरडून टाकलं, पाणी हळूहळू तपकिरी झालं. “बुरशी पॉझिटिव्ह!” सुनेनं सहज कढीपत्त्याचं एक पान पुढे केलं. तजेलदार, एक डाग नाही. त्याचंही पाणी तपकिरीच! पठ्ठ्या डोळाही न मिटता म्हणाला, “बघा, पसरायला लागलीय.”

तिथेच त्याला जिना दाखवायला हवा होता. निरोगी पानही ‘पॉझिटिव्ह’ येतंय हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. लहानपणी विहिरीत टाकायचे ते पोटॅशियम परमँगनेट मी पाहिलेलं आहे, तोच रंग होता. त्यात कुठलाही पालापाचोळा टाका, ते तपकिरीच होणार. पण माणूस घरात बसून चहा पितोय, सून शेजारी उभी, झाडं चार दिवसांत मरणार म्हणतोय. अशा वेळी कुणाला रसायनशास्त्र आठवतं? बँकेत जन्मभर कॅश सांभाळली मी, खोटी नोट हाताला कळायची. खोटं पान ओळखायचं शिक्षण मात्र कुणी दिलं नव्हतं.

आता शिकले ते ऐका. ठिपक्यात एकात एक वर्तुळं, भोवती पिवळी कडा, सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून, तर तो लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा. माझ्याकडे तोच होता. लेट ब्लाइटला गारवा आणि सतत ओल लागते, पानावर पाणी भरल्यासारखे मोठे डाग येतात, दमट हवेत पानाखाली पांढरी बुरशी दिसते. सोलापूरच्या कोरड्या हवेत माझ्या गच्चीवर त्यातलं काहीच नव्हतं. करप्याची पानं तोडून कचऱ्यात द्यायची, कुंडीत कुजवायची नाहीत. आमच्याकडे नळाला पाणी येईल तेव्हा, म्हणजे बहुधा रात्री, मी पाइपनं पानांवरूनच मारायची. आता बुंध्याशी घालते. गरज पडली तर मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, नाका-तोंडाला फडकं बांधून. लेबलवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत फळ तोडायचं नाही.

त्याच्या बाटलीवर लिहिलं होतं, ‘फंगस, व्हायरस, बॅक्टेरिया, सगळ्यावर एकच’. पान गुंडाळणारा व्हायरस पांढरी माशी आणते, लागलेलं झाड कुठल्याच औषधानं बरं होत नाही. एवढा एकच दावा वाचून बाटली परत करा. नोंदणी क्रमांक नव्हता, बॅच नंबर नव्हता, विषारीपणाचा रंगीत चौकोन नव्हता. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बुरशीनाशकंही येतात, नोंदणीशिवाय विकताच येत नाहीत.

हा कायदा मी कृषी कार्यालयात जाऊन सांगितला, तर साहेब विचारतात, “सातबारा आहे का?” गच्चीचा सातबारा! कुंड्या आमच्याकडे येत नाहीत म्हणे. दुसऱ्या टेबलावर, “फोडलेली बाटली नमुना म्हणून चालत नाही, सीलबंद आणा.” म्हणजे त्याच भामट्याकडून आणखी एक १,८५० ची विकत घेऊ? पोलीस ठाण्यात हवालदार हसत म्हणाले, “टोमॅटोसाठी तक्रार करायलाव का ओ? पैसे तुम्हीच दिलाव की.” हो, मीच दिले. फसवणुकीत पैसे दुसरं कोण देतं? कायदा तुमचा, निरीक्षक तुमचे, पगार आमच्या करातून, आणि पुरावा मात्र आम्हीच सीलबंद करून आणायचा!

घरी येऊन विकणाऱ्याकडून औषध घेऊच नका. परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून घ्या, पक्कं बिल घ्या. बिल असेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवता येते.

त्याचा फोन आता बंद आहे, आणि यूपीआयवर त्याच्या नावाऐवजी भलतंच नाव दिसतं. स्क्रीनशॉट आणि उरलेली बाटली मी जपून ठेवली आहे. विजापूर रोड, होटगी रोडकडे कुणाकडे हा येऊन गेला असेल तर कळवा, अर्ज एकत्र देऊ. आणि कुणाकडे न फोडलेली बाटली पडून असेल तर कृपा करून फोडू नका.