नेट रखडतंय: राउटर बदलावा, प्लॅन वाढवावा की केबल सोडून फायबर घ्यावं?

घरचं नेट रखडायला लागलं की सल्ले तीन बाजूंनी येतात. केबलवाला म्हणतो मोठा प्लॅन घ्या, दुकानदार म्हणतो नवा राउटर घ्या आणि शेजारी म्हणतात केबल सोडा, फायबर घ्या. तिन्ही सल्ले कुणाच्या ना कुणाच्या घरी बरोबर ठरलेले असतात. आपल्या घरी कोणता लागू पडेल हे एका लॅन वायरनं कळतं, आणि ती मोजणी झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी टीव्हीच्याच जाड कोॲक्स केबलमधून मोडेमपर्यंत इंटरनेट येतं. मुंबई-पुण्यात फायबर घरोघरी पोचायच्या बरीच वर्षं आधी हॅथवेसारख्या कंपन्यांनी याच वायरीवर ब्रॉडबँड दिलं, आणि जुन्या सोसायट्यांत अशी कनेक्शनं अजून चालू आहेत.

आधी मोजा

लॅपटॉप लॅन वायरनं थेट मोडेमला जोडा, वाय-फाय बंद करा, घरातली बाकीची उपकरणं नेटवरून काढा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी लवकर, एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास. मग ज्या खोलीत नेट चालत नाही त्या खोलीतून वाय-फायवर तिसरी टेस्ट. आकडे तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, तक्रार करताना तेच कामाला येतात. प्लॅनचा स्पीड मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडची खिडकी बहुतेक वेळा मेगाबाइट दाखवते, हे लक्षात असू द्या. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२.५ मेगाबाइटनं उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय.

वायरवर ठीक, वाय-फायवर रडतंय

दोष घरातला आहे. फायबर घेतलं तरी हा त्रास तसाच राहील, आणि कनेक्शन बदलून पैसे वाया जातात ते बहुधा इथंच. राउटर टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या कपाटात असेल तर आधी बाहेर काढा आणि घराच्या मध्यावर, उंचीवर ठेवा. मग २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगवेगळी नावं द्या. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीतले सगळे राउटर त्याच तिघांवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर टाका, लांबच्या खोलीतला फोन २.४ वर राहू द्या.

एवढ्यावर भागलं नाही तर खर्चाचा विचार. वन किंवा टू बीएचकेमध्ये एक चांगला ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही देणारा राउटर पुरतो, मात्र त्याचे लॅन पोर्ट गिगाबिटचे आहेत ना ते खोक्यावर वाचून घ्या. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि टेस्ट मात्र दर वेळी ९४-९५ वर अडकते, तेव्हा कारण हेच असतं, नाहीतर लॅन वायरीतली एखादी जोडी तुटलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून तुटकी वायरही चालू असल्यासारखीच दिसते.

लांबट फ्लॅट, बंगला किंवा रो हाउस असेल तर रिपीटर, मेश आणि वायर यांतून निवडावं लागतं. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर मी सुचवणार नाही, कारण एकाच रेडिओवरून ऐकायचं आणि पुढं पाठवायचं यात स्पीड जवळपास निम्मा होतो. मेश, म्हणजे घरभर ठेवलेले आणि एकच नेटवर्क देणारे दोन-तीन राउटर, नेटकं काम करतं, महाग पडतं. वायर ओढणं शक्य असेल तर कॅट ६ वायर वरच्या मजल्यावर न्या आणि जुना राउटर तिथं ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसता वाय-फाय देण्यासाठी लावा. मेशपेक्षा कमी पैशात मेशइतकं, बऱ्याचदा त्याहून स्थिर वाय-फाय मिळतं.

वायरवरही दिवसभर मंद

आधी ॲपमध्ये बघा, महिन्याचा डेटा संपून स्पीड उतरवलेला नाही ना. तसं नसेल तर संशय लाइनवर. बऱ्याच केबल मोडेमचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेमकडे येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या मध्ये असावी आणि सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे तो आकडा, ३३ डीबीच्या वर. अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेम किती जोरानं पाठवतोय ती, ५० डीबीएमव्हीच्या पुढे गेली असेल तर मोडेमला बहिऱ्या माणसाशी बोलल्यासारखं ओरडावं लागतंय, म्हणजे वाटेत सिग्नल कुठंतरी गळतोय.

गळती बहुतेक वेळा घराच्या आसपासच सापडते. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डीबी खातो, चार तोंडांचा सात. दोन-तीन टीव्ही झाले, एकामागून एक स्प्लिटर लागले आणि मोडेम सगळ्यात शेवटी गेला की नेट रखडणारच. लाइनमन आला की स्पष्ट सांगा: पहिल्याच स्प्लिटरवरून मोडेमला स्वतंत्र वायर द्या. गच्चीवरचे आणि डक्टमधले जोडही त्याला उघडून बघायला लावा. पावसाळ्यात त्यांत पाणी शिरतं, कनेक्टर गंजतो आणि पाऊस संपल्यावरही सिग्नल पूर्ण परत येत नाही. काही कनेक्टर आणि तासाभराचं काम, एवढ्यावर हा दोष निघू शकतो. म्हणून आकडे बिघडलेले असतील तर फायबरआधी एकदा दुरुस्ती करून बघाच.

सकाळी पळतंय, रात्री बसतंय

ही तिसरी अवस्था, आणि इथं राउटर किंवा दुरुस्ती कशाचाच उपयोग नाही. कोॲक्सवरची क्षमता भागातल्या सगळ्या घरांत वाटली जाते. ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनलमधून साधारण ५० एमबीपीएस मिळतात. डॉक्सिस ३.० या केबल इंटरनेटच्या पद्धतीत आठ चॅनलांचे होतात ४००, आणि तेवढ्यात एका नोडवरची, म्हणजे भागाला सिग्नल वाटणाऱ्या एका पेटीवरची, शेकडो घरंही असू शकतात. मोठा प्लॅन घेतल्यानं तुमची वरची मर्यादा वाढते, रात्रीच्या गर्दीत वाट्याला येणारा स्पीड फारसा वाढत नाही. केबलवाल्याला नोड विभागून त्यावरची घरं कमी करणार का हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर कनेक्शन बदला.

फायबरवर प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. वाटणी इथंही आहे, पण मुळात वाटायला भरपूर आहे. अपलोडला सगळ्यांत मिळून १.२५ जीबीपीएस असतात, कोॲक्सचं अपलोड त्याच्या जवळपासही येत नाही. घरून काम आणि मुलांचे ऑनलाइन क्लास चालत असतील तर मला हाच मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. दुसरा मुद्दा विजेचा. कोॲक्सला गल्लीतल्या ॲम्प्लिफायरला वीज लागते. गच्चीवरच्या स्विचमधून नुसती लॅन वायर येणाऱ्या घरांचंही तेच, शिवाय गडगडाटात तिथले पोर्ट जळतात. जीपॉनमध्ये कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत वीज लागणारं काही नसतं, त्यामुळे घरच्या बॉक्सला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला की लोडशेडिंगमध्येही नेट चालू राहू शकतं. जपायचं ते वायरीला. कोपऱ्यात दाबून वळवली की सिग्नल पडतो आणि बॉक्सवरचा एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो.

एअरफायबर, म्हणजे ५जीवरचं घरगुती नेट, २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनीही आणलं. भाड्याचं घर, वायर ओढू न देणारी सोसायटी किंवा फायबर न पोचलेली गावाची कड, इथं ते उत्तम. फायबर मिळत असताना मात्र मी ते घेणार नाही. टॉवरवरची क्षमताही वाटलेलीच असते, पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, वरखाली होतो आणि डेटा मर्यादाही कमी असते. जिओच्या फायबरला महिन्याला सुमारे ३.३ टीबी, तर एअरफायबरला १ टीबी.

पैशांचं बोलायचं तर जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी धरा. एकदम सहा महिने किंवा वर्षाचा रिचार्ज करायचा मोह सुरुवातीला आवरा. पहिला महिना दोन्ही कनेक्शनं चालू ठेवून रात्री नऊ-दहाची तीच टेस्ट नव्या लाइनवर घ्या. केबल टीव्ही हवा असेल तर तो वेगळा चालू ठेवता येतो का, हेही विचारून ठेवा. जुनं कनेक्शन बंद करायचं ठरलं की लेखी कळवा, मोडेम परत दिल्याची पावती घ्या आणि डिपॉझिट मागून घ्या. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रारीचा क्रमांक मिळवा, मग अपील प्राधिकरणाकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.