डिंक सुटला, सही सुटली नाही : खर्चाच्या ॲपचे अकरा महिने

मी अकाउंट्समध्ये, टीए-डीएच्या, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्त्याच्या टेबलावर. कंपनी मोठी, फिरतीवर असणारी माणसं काही हजार. अकरा महिन्यांपूर्वी कागदी व्हाउचर बंद झाली आणि सगळे क्लेम ॲपवर आले. ॲपचं नाव लिहीत नाही. या जातीची बहुतेक ॲपं आतून सारखीच असतात, शिवाय आमच्या निम्म्या अडचणी ॲपच्या नव्हत्याच.

आधीची पद्धत मोठ्या कंपन्यांत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. ए-फोर कागदावर पावत्या डिंकाने चिकटवायच्या, वर एक्सेलची प्रिंट, त्यावर साहेबांची सही, मग तो गठ्ठा आमच्याकडे. त्यात थर्मल कागदाचा छळ वेगळा. या पावतीवर शाई नसतेच. कागदावरच्या लेपातलं रसायन उष्णतेने काळं पडतं, तीच अक्षरं. त्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेली पावती अख्खी काळी होते, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली त्या प्लास्टिकमधल्या द्रव्यांनी हळूहळू कोरी. जपणाऱ्याचंच नुकसान! आता पावती हातात पडली की तिथल्या तिथे फोटो. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी ॲपला दुवा देईन.

फोटो काढणं वेगळं आणि फोटो वाचणं वेगळं. डेमोमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या वाचण्याला, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कमी कामाची गोष्ट निघाली. दुसऱ्याच आठवड्यातला एक क्लेम सांगतो. बिल ३८० चं, ग्राहकाने दिले ५००, परत मिळाले १२०. पावतीवर तिन्ही आकडे छापलेले. ॲपने सगळ्यात मोठा आकडा उचलून एकूण रकमेत ५०० टाकले. क्लेम करणाऱ्याने न बघता पाठवला, साहेबांनी न बघता मंजूर केला. परदेशातल्या पावतीवर ०३/०४ लिहिलेलं असेल तर ती ३ एप्रिल की ४ मार्च, हे ॲपलाही कळत नाही आणि दौऱ्यावरून आलेल्या माणसालाही आठवत नाही.

खरा वेळ वाचवला तो कंपनीच्या कार्डाने. कार्डावरचा व्यवहार बँकेकडून थेट ॲपमध्ये येतो, रक्कम आणि तारीख चुकायचा प्रश्नच नाही. सोबत दुकानदाराच्या प्रकाराचा चार आकडी कोडही येतो: ४१२१ म्हणजे टॅक्सी, ५८१२ म्हणजे रेस्टॉरंट, ७०११ म्हणजे हॉटेल. खर्चाचं खातं आपोआप पडतं. फक्त हॉटेलात राहून तिथेच जेवलात आणि जेवण खोलीच्या बिलात गेलं, तर सगळंच ‘निवास’ होतं आणि मर्यादा ओलांडल्याचा लाल झेंडा लागतो. दुसरा घोळ म्हणजे चेक-इनला हॉटेल कार्डावर अंदाजे रक्कम अडवून ठेवतं आणि निघताना वेगळीच घेतं. पहिले दोन महिने लोक त्या अडवलेल्या रकमेलाच बिल जोडायचे आणि नंतर खरा व्यवहार आला की आम्हाला फोन करायचे. शेवटी ‘प्रलंबित’ व्यवहार क्लेममध्ये घेताच येणार नाहीत असं सेटिंग केलं, तेव्हा ते फोन थांबले.

आता मुख्य गोष्ट. ॲप बसवताना कंपनीची पॉलिसी नियमांच्या रूपात भरावी लागते. आमच्या पॉलिसीत ‘वाजवी खर्च’ हा शब्द इतक्या वेळा होता की बसवायला आलेल्या पोराने तिसऱ्या मीटिंगला हात टेकले. विमान रात्री ११:४० ला सुटलं तर त्या दिवसाचा भत्ता द्यायचा का? परिषदेत दुपारचं जेवण फुकट असेल तर भत्त्यातून किती कापायचं? आमच्या टेबलावरच्या एक वरिष्ठ मॅडम हे सगळं वर्षानुवर्षं तोंडपाठ ठरवत होत्या, आणि खरं सांगायचं तर थोडंफार माणूस बघून ठरवत होत्या. ॲपला ‘हो’ किंवा ‘नाही’ लागतं. त्या भांडणात सात आठवडे गेले, सॉफ्टवेअर बसवायला त्याहून कमी लागले. विकत घ्यायचा विचार असेल तर पॉलिसी आधी धुऊन घ्या, नाहीतर विक्रेत्याच्या तासांचं बिल तुमच्या भांडणावर चढेल.

मंजुरीचं मात्र दुखणंच झालं. कागद होता तेव्हा उशिराचं खापर आमच्यावर फुटायचं. आता प्रत्येक पायरीवर वेळ नोंदली जाते, त्यामुळे क्लेम आठ दिवस कुठे पडून होता ते कर्मचाऱ्यालाच दिसतं. बहुतेक वेळा तो साहेबांच्या इनबॉक्समध्ये असतो. हे उघड झाल्यावर एका विभागप्रमुखांनी शुक्रवारी संध्याकाळी ‘सगळे निवडा, मंजूर करा’ हा उपाय काढला. ४३ क्लेम, दोन मिनिटं. असली मंजुरी कागदावरच्या सहीइतकीच आंधळी. त्यावर आम्ही भांडून किरकोळ क्लेम साहेबांकडे पाठवणंच बंद केलं. नियमात बसले तर थेट मंजूर, आणि त्यातले काही यादृच्छिक निवडून आम्ही तपासतो. साहेबांकडे आता मोजकेच जातात. ते प्रत्येक क्लेम उघडून बघतात हेही नोंदीत दिसतं.

लबाडी पकडण्याबद्दल विक्रेते फार बोलतात. एकाच जेवणाचं बिल दोघांनी लावलं तर ॲप पकडतं, हे खरं. पण सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना तेच मेट्रोचं भाडं, तेही ‘दुबार’ म्हणून अडवतं. त्यात बेनफर्डचा नियम लावून दाखवणारा एक तक्ता आहे. खऱ्याखुऱ्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के आणि ९ असण्याचं पाचाच्याही आत, असा तो नियम. आकडे लहानमोठे, दूरवर पसरलेले असतील तरच तो नीट लागू पडतो. आमच्याकडे भत्ते ठरलेले, मर्यादा ठरलेल्या, त्यामुळे तक्ता प्रामाणिक माणसालाही संशयित ठरवतो. मी तो बघणं सोडलं. त्यापेक्षा पावती लागत नाही त्या मर्यादेच्या जरा खाली कुणाचे किती क्लेम येतात, एवढी एकच यादी मी दर महिन्याला काढतो. तीत बोलण्यासारखं बरंच सापडतं.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. नेटवर्क नसताना भरलेला क्लेम कधीकधी दोनदा चढतो. शोधाची खिडकी ढिसाळ आहे. कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागाच्या नावावर पडतो तो) बदललेल्या माणसाचे अर्धवट क्लेम जुन्या साहेबाकडेच जातात आणि ते हाताने वळवावे लागतात, त्या तक्रारीचं तिकीट पाच महिने उघडं आहे.

डिंकाच्या बाटल्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. त्या मॅडम आता नियम बदलण्याच्या समितीवर आहेत. रात्री ११:४० चं विमान पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पुन्हा आलंय.